डाग

हॉकलीच्या चढावर दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवून थांबायचं.
मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही.
त्या दोन दारांमधल्या हातभर जागेत
आईचा बिस्किटांचा डबा पोटाशी धरून मी उभी.
पायाखाली जाड पायपुसणं.

काउंटरवर तस्लीम. नखं मुळापर्यंत कापलेली,
गळा मोकळा, बोटं मोकळी.
"घालून आलं की संध्याकाळी झडती," ती म्हणाली, "कोण कटकट करतं."

डबा उपडा केला.
जोडीदार हरवलेली कर्णफुलं.
एक साखळी, तिसऱ्या वर्षी मीच ओढून तोडलेली.
बाप्तिस्म्याचा चांदीचा चमचा, माझ्या दुधाच्या दातांच्या खुणांसकट.
डॉरिन आत्याचं ब्रोच, ज्याच्या जिवावर ती
तीस वर्षं आमच्याशी नाक वर करून बोलली.
तस्लीमनं चुंबक जवळ नेला
आणि ब्रोच टुणकन उडून त्याला चिकटलं.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

चांदी एका वाटीत. नऊ कॅरेट दुसरीत.
अठराच्या वाटीत काहीच पडेना.
खडे चिमट्यानं उचकटून ती माझ्याकडे सरकवत होती,
"हे तुमचे. काचेचे पैसे नसतात."

मग अंगठी.
जाड, शिक्का नसलेली, तळव्याच्या बाजूनं झिजून कागदासारखी.
आई म्हणाली होती, माझ्याबरोबर पुरू नको, मोड.
पण हॉकलीत नको. लांब कुठे तरी जा.
लांब म्हणजे बस बदलावी लागते.
माझे गुडघे बघता मी हॉकलीलाच आले.

यंत्रानं आकडा दिला. तस्लीमनं पुसून पुन्हा ठेवली.
अकरा पूर्णांक चार.
"असलं सोनं कुणी घडवत नाही," ती पडद्याशीच बोलल्यासारखी म्हणाली,
"नऊ असतं, चौदा असतं. आणि यात प्लॅटिनमही आहे, कणभर.
जस्त आहे. कॅडमियम आहे, जुन्या डागातलं.
हे दहा जणांच्या मेजांवरचं आहे.
हे झाडून आणलेलं."

शुक्रवार.
बाबा कारखान्यातून येत, केसांना चपचपीत तेल,
सबंध आठवडा डोकं न धुतलेलं.
आई मोरीपाशी इनॅमलचं घमेलं मांडी.
"डोळे मीट, विल्फ."
ती किती हळू पाणी ओतायची. किती वेळ.
कानामागे, मानेवर, बोटांच्या पेरांनी,
जसं माझं डोकं तिनं कधीच धुतलं नाही.
ते पाणी ओतायची आम्हाला बंदी होती.
दुहेरी फडक्यातून गाळून ते रात्रभर निवत राही,
आणि शेडला कुलूप असे.
मी जिन्यावर बसून बघायची आणि वाटायचं,
लग्न म्हणजे हे असणार.

लग्नाच्या फोटोत आईच्या हातात मोजा आहे.
अंगठी आली तेव्हा मी सहा वर्षांची होते,
अंगठीच्या दिवशी दोघंही जेवताना काही बोलली नाहीत,
एवढंच आठवतं.
सात वर्षांचे शुक्रवार
आणि वजन चार ग्रॅम, वर थोडं.

"बाकीच्यात धरू?" तस्लीमनं विचारलं.
काचेपलीकडे मूस लाल झाली होती.
बाबांचा कारखाना कधीच बुडाला; मालक, मालकाचा मुलगा, सगळे गेले.
परत करायचं तर करू कुणाला?
"नको," मी म्हणाले. "ती नको."
तिनं डोकं हलवलं. बिलात एक ओळ खोडली,
आणि तिच्यापुढे बारीक अक्षरात काही लिहिलं नाही,
याबद्दल मी तिची आभारी आहे.

दोनशे अठरा पौंड. खडे रुमालात. अंगठी बोटात, सैल.

पुन्हा ती दोन दारं, मधली जागा.
इथली पायपुसणी म्हणे वर्षातून एकदा भट्टीत घालतात,
राखेतून निघायचं ते निघतं.
मी पाय पुसले.
एकदा डावा, एकदा उजवा.
मग पुन्हा डावा, टाचेसकट, नीट.
पुढचं दार कधीचं उघडलं होतं.